एकच टोक

गिरणी माझी. पंधरा हॉर्सपॉवरची मोटार.
भिंतीपलीकडे घर, आणि घरात फळीवर
भाच्यानं जोडून दिलेला ॲम्प्लिफायर,
दोन स्पीकर पुलगावच्या बंद पडलेल्या व्हिडिओ टॉकीजातले,
उंदरांनी आधीच बरंच ऐकून घेतलेले.

पीठ पडायला लागलं की ते घुमायचे.
गाणं असो, नसो.
घूं.
ज्वारीला एक, चण्याच्या डाळीला जरा बारीक.
आत बसून मी सांगायचे
रुपरावांनी कोणाचा डबा लावला ते.

मग आर्वीला गेले. हुलक्यानं दुकानात
आधी पिवळ्या पिनांची पेटी काढली,
मखमलीत ठेवलेली, नथीसारखी.
"सोन्याचं पाणी हाय, ताई. आवाज सुधारते."
"पीन राहू दे बावा, पोट दाखव."

ब्लेड माझ्याच पिशवीत होतं.
पहिलीची साल काढली, तार खरवडली,
आतून पांढरी. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा रंग.
दुसरीला जाळी होती, पण तिच्यातून तीळ गळले असते.
तिसरीला नुसती पन्नी, चॉकलेटच्या कागदाची;
दोनदा वाकवली, फाटली.
हुलके माझ्याकडे असा बघत होता
जसं मी त्याच्या घरची भांडी घासून बघतेय.

चौथीवर बोट फिरवलं.
चाळणी मी डोळे मिटून ओळखते,
भरड्याची, रव्याची, मैद्याची.
ही मैद्याची होती.
आत दोन गाभे, वर पन्नी, पन्नीवर तांब्याची दाट वीण.
"पंच्याऐंशी मीटर. पण काळी हाय, दिसाले चांगली नाई."
"दिसाले कोण घेते?"
साडेतीन मीटर. त्याच्या पट्टीनं एकदा,
माझ्या हातानं पुन्हा.

रात्री कथील तापवलं, भाच्याला फोन लावला.
"मावशी, जाळी एकाच टोकाले जोड, ॲम्प्लिफायरकडं.
दुसऱ्या टोकाची कापून टाक, टेप मार."
"काहून? दोन्हीकडून बांधली तं मजबूत नाई होत?"
"दोन्हीकडून बांधली का गोल रस्ता होते.
घूं त्याच रस्त्यानं फिरत रायते."

कात्री हातात, मी जरा थांबले.
पट्टा, पोतं, घर,
धरायचं म्हणजे दोन्ही टोकं धरायची
एवढंच मला ठाऊक.
कापली.
परसातल्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात
बादलीभर पाणी ओतून आले, वैशाख होता.

सकाळी रुपरावांनी गहू लावला.
मी माझ्या भावाची क्लॅरोनेट लावली,
हिंगणघाटच्या बँडात बावीस लग्नसराया केलेला माणूस,
आता कंबरेमुळे घरी, फोनवर वाजवून धाडतो.
सूर थांबला, तिथं त्यानं श्वास घेतला.
पट्टीवर थुंकी चटकन वाजली.
आणि लांबून वहिनी म्हणाली, "भाकर जळून रायली."
इतक्या वेळा ऐकलं होतं हे,
भाकर आजच जळाली.

रुपराव दारात, भुवयांपर्यंत पांढरे.
"बंद पडला काय?"
"नाई. चालू हाय."
त्यांनी कान लावला, मान हलवली,
पटलं नसावं. पुन्हा डब्याकडे गेले.

त्या रात्री लाइट गेली.
मोटार गप, ॲम्प्लिफायर गप, कोपऱ्यावरची डीपीसुद्धा.
उशीला डोकं टेकलं
आणि घूं.
बारीक, चण्याच्या डाळीचा.

रुपरावांना हलवलं. "तुमाले येते का आवाज?"
"कायचा?"
"काई नाई. झोपा."

एकोणीस वर्षं झाली गिरणीला.
उठले. उरलेली वायर खुंटीला होती, हातभर,
अंधारात तिची जाळी चाचपत बसले.
मैद्याचीच.